संदर्भ सेवा : दोन रुग्णालयांमधील जबाबदारी

(आरोग्य विभागातील अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रुग्णालय म्हटले की डोळ्यांपुढे एक इमारत उभी राहते. तिच्यात खाटा असतात, शस्त्रक्रियागृह असते, औषधांची खिडकी असते. परंतु ज्या रुग्णाला एका रुग्णालयात पुरेसा उपचार मिळू शकत नाही आणि ज्याला दुसऱ्या, अधिक सुसज्ज रुग्णालयात न्यावे लागते, त्याच्या जीवनमरणाचा निर्णय पुष्कळदा या दोन इमारतींमधल्या रस्त्यावर होत असतो. पहिल्या रुग्णालयाने त्याचे नाव नोंदवहीतून कमी केलेले असते आणि दुसऱ्याच्या नोंदवहीत ते अजून चढलेले नसते. या मधल्या दोन-चार तासांत तो रुग्ण कोणाचा, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

रचना आणि तिच्यातील फट

आपल्या देशातील सार्वजनिक आरोग्य सेवेची उभारणी पायऱ्यापायऱ्यांनी झालेली आहे. भोर समितीने १९४६ साली सादर केलेल्या अहवालात या रचनेची कल्पना मांडली होती. महाराष्ट्रात आज गावपातळीवर उपकेंद्र आहे. त्यावर सपाट प्रदेशात साधारणतः तीस हजार आणि आदिवासी व डोंगराळ भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, अशी रचना आहे. त्यापुढे बहुधा तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय आणि शेवटी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले रुग्णालय अशी ही चढण आहे. प्रत्येक पायरीवर सर्व प्रकारचे तज्ज्ञ आणि सर्व यंत्रे ठेवणे कोणत्याही शासनाला शक्य नाही, आणि तसे करणे इष्टही नाही. मेंदूवरील शस्त्रक्रिया करणारा तज्ज्ञ महिन्यातून एखाददुसरीच शस्त्रक्रिया करील, तर त्याचा हात टिकणार नाही. म्हणून विशेष उपचार काही थोड्या ठिकाणी एकवटावयाचे आणि रुग्णास तेथवर नेण्याची हमी द्यावयाची, असे या रचनेचे मूळ सूत्र आहे.

या सूत्राचा पहिला भाग बऱ्याच अंशी अमलात आला, परंतु दुसरा भाग मागे राहिला. डॉ. जे. बी. श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखालील गटाने १९७५ मध्ये दिलेल्या अहवालात प्राथमिक आरोग्य केंद्रापासून वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत संदर्भ सेवांची एक सलग साखळी उभारावी, अशी शिफारस केली होती. साखळी याचा अर्थ एका कडीत दुसरी कडी अडकलेली असणे. व्यवहारात मात्र कड्या आहेत आणि त्या सुट्या आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे, जिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकाकडे, वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय अधिष्ठात्याकडे आणि मोठ्या शहरांतील कित्येक रुग्णालये महानगरपालिकेकडे असतात. सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण हे शासनाचे दोन वेगळे विभाग आहेत. रुग्णास या सीमा ठाऊक नसतात. त्याच्या लेखी ते सारे ‘सरकारी दवाखाने’ असतात आणि त्याची ही समजूत रास्तच आहे.

पाठवणे आणि सोपवणे

रुग्णाला पुढे पाठवण्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात डॉक्टर चिठ्ठीवर ‘पुढील उपचारासाठी’ एवढे दोन शब्द लिहितात, नातेवाइकांना मोठ्या रुग्णालयाचे नाव सांगतात आणि वाहन मिळवण्यापासून खाट मिळवण्यापर्यंतचा सारा भार त्या घाबरलेल्या माणसांवर पडतो. दुसऱ्या प्रकारात एक डॉक्टर दुसऱ्या डॉक्टराशी बोलतो, रुग्णाची स्थिती सांगतो, खाट आणि तज्ज्ञ उपलब्ध असल्याची खात्री करून घेतो, प्रवासात कोणी सोबत जावे हे ठरवतो आणि रुग्ण पोहोचल्याची वर्दी येईपर्यंत आपली जबाबदारी संपली असे मानीत नाही. पहिला प्रकार पाठवण्याचा, दुसरा सोपवण्याचा. संदर्भ सेवा हे नाव केवळ दुसऱ्या प्रकाराला शोभते.

या दोहोंतील अंतर किती महाग पडू शकते, हे सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणावरून ध्यानात येते. पश्चिम बंगालमधील एक शेतमजूर ८ जुलै १९९२ रोजी सायंकाळी रेल्वेगाडीतून पडला व त्याच्या डोक्यास गंभीर दुखापत झाली. त्याला प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात नेण्यात आले. तेथे सोय नसल्याने पुढे पाठवण्यात आले. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी त्याला कलकत्त्यातील एकामागून एक शासकीय रुग्णालयांत फिरवण्यात आले. कोठे खाट रिकामी नव्हती, कोठे मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय नव्हती. अखेरीस त्याला खाजगी रुग्णालयात दाखल करावे लागले आणि सुमारे सतरा हजार रुपये खर्च आला. ‘पश्चिम बंग खेत मजदूर समिती’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात न्यायालयाने ६ मे १९९६ रोजी निर्णय दिला. शासकीय रुग्णालयाने निकडीच्या रुग्णास वेळेवर उपचार न देणे म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या अधिकाराचा भंग होय, असे त्यात म्हटले आणि त्या मजुरास पंचवीस हजार रुपये भरपाई देण्यास सांगितले. पैशाची तंगी ही या कर्तव्यातून सुटण्याची सबब होऊ शकत नाही, असेही न्यायालयाने बजावले.

या निर्णयातील सूचना आजच्या विषयाच्या दृष्टीने विशेष मोलाच्या आहेत. जेथे खाट उपलब्ध असेल तेथेच रुग्णास तत्काळ पाठवता यावे, यासाठी शासकीय रुग्णालयांमध्ये एक मध्यवर्ती संपर्क यंत्रणा असावी. प्राथमिक केंद्रापासून वरच्या रुग्णालयापर्यंत नेण्यासाठी रुग्णवाहिका असाव्यात आणि त्यांत उपकरणे व प्रशिक्षित माणसे असावीत. जिल्हा व उपविभागीय पातळीवरील रुग्णालयांची क्षमता वाढवावी, म्हणजे प्रत्येक गंभीर रुग्णास महानगरात धाडण्याची वेळ येणार नाही. त्या मजुराला ज्यांनी परत पाठवले त्यांतील कित्येकांनी आपापल्या परीने तपासणी केली होती, क्ष-किरण चित्र काढले होते, दाखल करण्याची शिफारसही केली होती. प्रत्येकाने आपले काम केले आणि तरीही काम झाले नाही, कारण शहरात कोठे खाट रिकामी आहे हे सांगू शकणारा एकही माणूस त्या रात्री त्या व्यवस्थेत नव्हता. खाटांचा असा मध्यवर्ती हिशेब ठेवणे अशक्य नाही. लंडन शहरात किंग एडवर्ड फंडाने १९३८ सालीच, साध्या दूरध्वनीच्या आधारे, निकडीच्या रुग्णांसाठी खाट शोधून देणारे कार्यालय सुरू केले होते.

निघण्यापूर्वीची दहा मिनिटे

रुग्ण गंभीर आहे म्हणजे त्याला धावपळीत गाडीत घालावे, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती घातक आहे. बहुतेक आजारांत निघण्यापूर्वी दिलेला पहिला उपचार पुढील सर्व उपचारांइतका महत्त्वाचा असतो. गरोदर स्त्रीला झटके येत असतील, तर मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा देऊनच तिला पुढे न्यावयाचे असते. प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव होत असेल, तर गर्भाशय आकुंचित करणारे औषध आणि शिरेतून द्रव सुरू केल्याविना तिला हलवणे म्हणजे तिला वाटेत गमावणे होय. सर्पदंशात विषबाधेची लक्षणे दिसत असतील, तर प्रतिसर्पविषाची पहिली मात्रा ज्या केंद्रात रुग्ण प्रथम आला तेथेच द्यावयाची. श्वास मंदावत असेल, तर कृत्रिम श्वासाची पिशवी वापरू शकणारा माणूस सोबत हवा. कमी वजनाच्या नवजात बालकास थंडी वाजू न देणे आणि त्याच्या रक्तातील साखर घसरू न देणे, या दोन गोष्टी पाळल्या तर ते विशेष नवजात काळजी कक्षापर्यंत पोहोचण्याचा संभव पुष्कळ वाढतो. त्याला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून नेणे यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

काही प्रसंगी मात्र घड्याळाकडे पाहावेच लागते. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असल्यास ती गुठळी विरघळवण्याचे औषध पहिल्या साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी मेंदूचे सीटी स्कॅन व्हावे लागते. ज्या रुग्णालयात स्कॅनची सोय नाही तेथे अशा रुग्णास ‘निरीक्षणाखाली’ ठेवणे म्हणजे उपचाराची वेळ दवडणे होय. म्हणून कोणत्या रुग्णास थोपवून स्थिर करावयाचे आणि कोणास क्षणाचाही विलंब न लावता पुढे न्यावयाचे, याची छोटी यादी प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर मराठीतून लावलेली असावी.

चिठ्ठी, वाहन आणि प्राणवायू

निघण्यापूर्वी दूरध्वनी करणे ही या व्यवस्थेतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. समोरच्या रुग्णालयात नेमके कोणाशी बोलणे झाले, त्या डॉक्टराचे पदनाम आणि बोलण्याची वेळ चिठ्ठीवर लिहिली, की रुग्णाला दारातून परत पाठवणे कोणासही सोपे राहत नाही. चिठ्ठीत रुग्ण किती वाजता आला, तेव्हा नाडी, रक्तदाब, श्वास आणि शुद्ध कशी होती, कोणते औषध किती मात्रेत किती वाजता दिले, कोणत्या तपासण्या झाल्या आणि कोणत्या कारणासाठी पुढे पाठवले, हे सुवाच्य अक्षरात असावे. मात्रा व वेळ लिहिलेली नसेल, तर पुढचा डॉक्टर एक तर तेच औषध पुन्हा देतो, नाही तर द्यावयाचे राहून जाते, आणि दोन्ही चुका जिवावर बेतू शकतात. चिठ्ठीची एक प्रत पाठवणाऱ्या केंद्रात राहिली पाहिजे. क्ष-किरण चित्रे व तपासणीचे अहवाल रुग्णासोबत गेले पाहिजेत.

वाहनाच्या बाबतीत महाराष्ट्रात पूर्वीपेक्षा बरीच सुधारणा झालेली आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ पासून सुरू झाला. गरोदर माता आणि आजारी नवजात बालके यांना घरापासून रुग्णालयात, एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात आणि तेथून परत घरी विनामूल्य नेण्याची तरतूद त्यात आहे. १०८ क्रमांकाची आपत्कालीन सेवा राज्यात २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्याकडे ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवनरक्षक साधनांनी युक्त आणि ७०४ मूलभूत साधनांच्या होत्या. हा भेद पंचायत सदस्यांनीही समजून घ्यावा. कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्राची गरज असलेल्या रुग्णास मूलभूत साधनांच्या वाहनातून नेणे म्हणजे वाहन मिळूनही न मिळाल्यासारखे आहे.

प्राणवायूचा हिशेब तर शालेय गणिताइतका सोपा आहे आणि नेमका तोच राहून जातो. रुग्णवाहिकेत सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या ‘बी’ प्रकारच्या भरलेल्या नळकांड्यात सुमारे १५०० लिटर प्राणवायू असतो. रुग्णास मिनिटाला १० लिटर या वेगाने तो द्यावा लागत असेल, तर ते नळकांडे १५० मिनिटांत, म्हणजे अडीच तासांत, रिकामे होते. प्रवास तीन तासांचा असेल, तर शेवटचा अर्धा तास रुग्ण प्राणवायूविना राहील. वाटेत घाट, वाहतूक कोंडी किंवा चाकातील हवा जाणे या शक्यता धरून अपेक्षित वेळेच्या दुप्पट पुरेल इतका साठा घेऊन निघावे, हा नियम त्यामुळेच पाळावयाचा. नळकांड्याचा काटा पाहून हा गुणाकार करण्यास एका मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही.

अंतराचा प्रश्न सर्व जिल्ह्यांत सारखा नाही. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड येथून जिल्ह्याच्या ठिकाणी यावयाचे तर दीडशे किलोमीटरहून अधिक अंतर तोडावे लागते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. नंदुरबारमधील धडगाव-अक्कलकुवा किंवा अमरावतीतील मेळघाट येथेही रस्ता आणि ऋतू यांचा विचार केल्याशिवाय संदर्भ सेवेचे नियोजन होऊ शकत नाही. अशा भागांत अवघड प्रसूतीचा संभव असलेल्या मातेस दिवस भरण्यापूर्वीच रुग्णालयाच्या जवळ आणून ठेवणे हेच खरे नियोजन होय. पूर आल्यानंतर वाहन शोधण्यापेक्षा पूर येण्याआधी रुग्ण हलवणे केव्हाही शहाणपणाचे.

अनावश्यक पाठवणी

या चित्राला दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितल्याविना विषय अपुरा राहील. मोठ्या रुग्णालयांत खाटा अपुऱ्या पडतात, एका खाटेशेजारी जमिनीवर दुसरी गादी घालावी लागते, याचे एक कारण खालच्या पायरीवर बरे होऊ शकणारे रुग्णही वर पाठवले जातात, हे आहे. याचा दोष एकट्या डॉक्टरावर टाकणे अन्यायाचे होईल. भूलतज्ज्ञाचे पद रिकामे असेल, तर शस्त्रक्रियागृह असूनही उपयोगाचे नसते. रक्तसाठा नसेल, तर शल्यविशारद हात आखडता घेतो. रात्री एकट्याने कामावर असलेला तरुण वैद्यकीय अधिकारी, रुग्ण दगावल्यास जमाव अंगावर येईल या भीतीने त्याला पुढे पाठवतो. वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरील हिंसाचार रोखण्यासाठी महाराष्ट्रात २०१० साली स्वतंत्र कायदा करण्यात आला, परंतु भीती केवळ कायद्याने जात नाही. गावातील जबाबदार माणूस त्या वेळी डॉक्टराशेजारी उभा राहिला, की तोच डॉक्टर अधिक धैर्याने उपचार करतो आणि पाठवण्याचे प्रमाण आपोआप घटते.

खालच्या पायरीवर काय साधता येते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात काम करताना लाल विंचवाच्या दंशाचा अभ्यास केला आणि १९८० च्या दशकात प्राझोसिन या साध्या गोळीचा उपचारात उपयोग रूढ केला. जो रुग्ण मुंबईस पोहोचण्यापूर्वीच दगावला असता, त्याला गावाजवळच वाचवणे त्यामुळे शक्य झाले. याचा बोध असा की, खालच्या रुग्णालयातील ज्ञान आणि औषध वाढवणे हाही संदर्भ सेवेचाच भाग आहे. दूरस्थ सल्ल्याच्या सोयीमुळे आता तालुक्यातील डॉक्टरास तज्ज्ञाचे मत रुग्ण न हलवताही घेता येते. या सोयीचा उपयोग ‘पाठवावे की न पाठवावे’ हे ठरवण्यासाठी प्रथम व्हावा.

परतीची वाट

रुग्ण वर गेला, बरा झाला आणि घरी परतला, तरी साखळी पूर्ण होत नाही. मोठ्या रुग्णालयाने उपचाराचा गोषवारा पाठवणाऱ्या केंद्राकडे परत धाडला पाहिजे. त्यामुळे दोन गोष्टी साधतात. टाके काढणे, औषधे चालू ठेवणे, रक्तदाब तपासणे ही पुढील कामे गावाजवळच होतात आणि रुग्णाचा प्रवासखर्च व बुडणारी मजुरी वाचते. दुसरे असे की, पाठवणाऱ्या डॉक्टरास आपले निदान बरोबर होते की चूक, हे कळते. ज्याला आपल्या पाठवलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले हे कधीच कळत नाही, तो वर्षानुवर्षे तीच चूक निष्ठेने करीत राहतो. महिन्यातून एकदा जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि महाविद्यालयीन रुग्णालयाचा प्रतिनिधी यांनी एकत्र बसून त्या महिन्यातील पाठवलेल्या रुग्णांची यादी वाचावी. किती पोहोचले, किती वाटेत दगावले, कितींना परत फिरवण्यात आले, हे तीनच रकाने पुरेसे आहेत.

पंचायत आणि शाळा यांचा वाटा

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झाल्यानंतर रुग्णालये व आरोग्य केंद्रांसाठी रुग्ण कल्याण समित्या आणि गावोगावी ग्राम आरोग्य समित्या स्थापन झाल्या. या समित्यांत लोकप्रतिनिधींना स्थान आहे. त्यांनी सभेत केवळ इमारतीच्या रंगाचा आणि कुंपणाचा विषय न घेता तीन प्रश्न विचारावेत. रुग्णवाहिका चालू स्थितीत आहे काय? प्राणवायूची नळकांडी भरलेली आहेत काय? मागील महिन्यात पुढे पाठवलेल्या रुग्णांचे काय झाले? गावातील कोणते रस्ते पावसाळ्यात बंद होतात आणि तेव्हा रुग्णास कोणत्या वाटेने न्यावयाचे, याचा आराखडा ग्रामपंचायतीने मे महिन्यातच तयार करून आरोग्य केंद्राला द्यावा.

शिक्षकांचे काम याहून शांत परंतु चिरस्थायी आहे. १०८ क्रमांकावर दूरध्वनी केल्यावर गावाचे नाव, जवळची खूण आणि रुग्णाची स्थिती कशी सांगावी, याचा सराव वर्गात होऊ शकतो. सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे जाण्यात दवडलेला तास परत मिळत नाही, हे मुलांनी घरी सांगितले तर ते अधिक ऐकले जाते. रुग्णालयाची कागदपत्रे एका पिशवीत जपून ठेवावीत, रेशनकार्ड व ओळखपत्र सोबत असावे, ही सवयदेखील शाळेतून घरात जाऊ शकते. ज्या घरात वाचता येणारे एकच माणूस शाळकरी मूल आहे, तेथे चिठ्ठी वाचून दाखवणारेही तेच असते.

खर्चाची भीती हे उशिराचे आणखी एक कारण असते. २०१२ मध्ये काही जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी योजना ठरावीक विशेष उपचारांचा भार उचलते. योजनेतील रुग्णालयांत मार्गदर्शनासाठी आरोग्यमित्र नेमलेले असतात. ही माहिती निकडीच्या रात्री शोधण्यापेक्षा ग्रामसभेत आधीच सांगितलेली बरी.

वर सांगितलेल्या गोष्टींपैकी बहुतेकांना नवी इमारत लागत नाही आणि मोठे अंदाजपत्रकही लागत नाही. एक दूरध्वनी, एक पूर्ण भरलेली चिठ्ठी, औषधाची वेळेवर दिलेली पहिली मात्रा, प्राणवायूचा एक गुणाकार आणि रुग्ण पोहोचल्याची एक वर्दी, इतक्या गोष्टींनी दोन रुग्णालयांमधील फट पुष्कळशी बुजते. तज्ज्ञांची रिकामी पदे भरणे आणि खाटा वाढवणे हे शासनाचे काम आहे व ते झालेच पाहिजे. परंतु ते होईपर्यंत आज रात्री निघणारी रुग्णवाहिका थांबून राहणार नाही. तीत बसवलेला रुग्ण पुढच्या रुग्णालयाच्या नोंदवहीत चढेपर्यंत तो पाठवणाऱ्याचाच आहे, एवढे तत्त्व प्रत्येक केंद्राने मनोभावे स्वीकारले, तर संदर्भ सेवा या शब्दाला अर्थ प्राप्त होईल.